खुंटी: धुवायचं की पुन्हा घालायचं? एका घरगुती उपकरणाच्या प्रकल्प नोंदी

१२ मे २०२४, पुणे

घरातल्या कपड्यांसाठी एक उपकरण करायला घेतलं आहे. त्याच्याकडून तीन गोष्टी हव्यात: असलेला कपडा जास्त वेळा अंगावर यावा, गरज नसताना धुतला जाऊ नये, आणि उसवला किंवा बटण तुटलं तर वेळेत दुरुस्त व्हावा. ब्रिटनमधल्या रॅप या संस्थेनं २०१२ साली हिशेब मांडला होता की कपडा नऊ महिने जास्त वापरात राहिला तर त्याच्यामागचा कार्बन, पाणी आणि कचऱ्याचा भार २० ते ३० टक्क्यांनी उतरतो. नवा कपडा कुठल्या धाग्याचा घ्यावा या वादात मला पडायचं नाही. कपाटात आहे तोच टिकवायचा आहे.

पहिला आराखडा 'मोजणाऱ्या कपाटा'चा. प्रत्येक कपड्याला टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी बारीक चिप), कपाटाच्या दाराला तो वाचणारा रीडर, आणि फोनवर यादी: कोणता कपडा किती वेळा निघाला, कोणता वर्षभर हलला नाही. घरात चार माणसं: मी, नवरा, सासूबाई आणि अकरावीतली लेक. खर्चाची मर्यादा ५,००० रुपये. कुणाला हेच करून बघायचं असेल तर पैसे आणि वेळ वाचावा म्हणून सगळं लिहून ठेवते.

१८ मे

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन सामान आणलं. ईएसपी३२ बोर्ड (सगळं चालवणारा छोटा संगणक) ४२० रुपये, आरसी५२२ रीडर १३० रुपये. ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर घरात होत्या. टॅग ऑनलाइन मागवले होते, दोन प्रकारचे. कागदी स्टिकर ८ रुपयांना एक. आणि धुलाईला टिकणारे, शर्टाच्या बटणासारखे काळे, ४५ रुपयांना एक.

स्टिकर कापडी पट्टीत शिवून मशीनमध्ये घातले. एक सोडून सगळे मुके झाले. स्टिकरमधली अँटेना म्हणजे धातूचा अगदी पातळ थर. कपडा पिळला जाताना त्याला घडी पडते आणि तिथेच तो तुटतो. पाण्यापेक्षा पीळ वाईट. काळी बटणं मात्र गरम पाण्यातून आणि इस्त्रीखालून नीट बाहेर आली.

विकत घेताना एक नक्की बघा. बटण टॅग दोन जातींचे मिळतात आणि दोन्हींवर १३.५६ मेगाहर्ट्झच लिहिलेलं असतं. आरसी५२२ फक्त आयएसओ १४४४३ जातीचे वाचतो. आयएसओ १५६९३ जातीचा टॅग त्याच्यापुढे कितीही वेळ धरा, काही होत नाही. पहिले दहा टॅग त्या दुसऱ्या जातीचे आले. ४५० रुपये गेले, आणि वायरिंग चुकलंय असं समजून ते तपासण्यात सबंध रविवार गेला. 'एनटॅग२१३' अशी चिप स्पष्ट लिहिलेली असेल तरच मागवा.

इस्त्रीवाल्या काकांना ते बटण दाखवलं. ते म्हणाले, "आमचे आजोबा बिब्ब्याने खूण करायचे. कपडा फाटेल, पण खूण जायची नाही." बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर पक्का काळा होतो, आणि परटांची सगळी व्यवस्था त्या खुणांवर चालायची. टॅग कुठे शिवायचा हेही काकांनीच सांगितलं. कॉलरच्या आत नको, तिथे इस्त्री सर्वांत जास्त दाबली जाते आणि मानेला टोचतं. खालच्या दुमडीत, डाव्या शिवणीला. पुढचे सगळे टॅग तिथेच लावले.

२६ मे

आमचं कपाट लोखंडी. टेबलावर चार सेंटिमीटरवरून वाचणारा रीडर दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आणि वाचन शून्य झालं. कारण साधं आहे: रीडरच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यात प्रवाह खेळू लागतात, ते त्या क्षेत्राला मारून टाकतात आणि अँटेनाचं ट्यूनिंगही सरकवतात. मध्ये फेराइटची, म्हणजे ते क्षेत्र पत्र्यापर्यंत पोचू न देणारी, पट्टी घातली (३५० रुपये), तेव्हा दोन सेंटिमीटरवर आलं. म्हणजे प्रत्येक कपडा दाराला टेकवून दाखवायचा. सकाळी आठला कॉलेजला पळणारी मुलगी हे करणार नाही, आणि तिनं करावं अशी अपेक्षाही चुकीची आहे.

यूएचएफ, म्हणजे जास्त वारंवारितेच्या टॅगांचा विचार केला. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा या कामासाठी परवान्याशिवाय वापरता येतो आणि टॅग काही मीटरवरूनही वाचता येतात. पण रीडरची किंमत माझ्या मर्यादेच्या दुपटीपुढे जाते, लोखंडी कपाटात लहरी आतल्या आत आपटत राहतात, आणि आतले गठ्ठे पुरते वाचले जातील याची खात्री नाही. लाकडी वॉर्डरोब असणाऱ्यांनी जरूर करून पाहावं.

तूर्त रीडर कपाटाशेजारी लाकडी फळीवर बसवला.

९ जून

साठेक कपड्यांना टॅग लावून झाले, यादी भरू लागली. यादीतून एक गोष्ट लक्षात आली आणि तिच्यामुळे सगळा प्रकल्पच वळला. कपडा कपाटातून निघालेला दिसतो, धुऊन घडी होऊन परत आलेला दिसतो. मधलं काहीच दिसत नाही. आणि धुवायचं की पुन्हा घालायचं, हे त्या मधल्या वेळातच ठरतं.

म्हणून आठवडाभर रात्री घर नीट पाहिलं. बेडरूममधल्या खुर्चीच्या पाठीवर नवऱ्याची ऑफिसची पँट. तिच्यावर लेकीची जीन्स, पाय उलटे झालेली. त्यावर माझी ओढणी, तिच्यावर सकाळचा ओला टॉवेल. दोन-तीन दिवसांनी खुर्चीवर बसायची वेळ आली की तो सबंध ढीग उचलून मशीनमध्ये, कारण त्यातलं काय एकदा घातलं होतं आणि काय तीनदा, हे कुणालाच आठवत नाही. शिवाय टॉवेलखाली दबलेल्या पँटला आता खरोखरच वास आलेला असतो.

आईंचा (सासूबाईंचा) नियम आहे: अंगावरून उतरलेला कपडा धुतल्याशिवाय कपाटात जाणार नाही. नियम रास्त आहे. घामाचा अंश राहिलेले कपडे बंद कपाटात ठेवले की कसर लागते आणि बाकीच्या कपड्यांनाही वास लागतो. मग असा अर्धवट वापरलेला कपडा ठेवायचा कुठे? आई म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे दारामागे खुंट्यांची फळी होती. सदरा खुंटीला, टोपी खुंटीला. खुर्च्या होत्याच कुठे!" आमच्या फ्लॅटमध्ये भिंती गुळगुळीत, आणि दारामागे फक्त स्टॉपर.

लिव्हाइस कंपनीनं २०१५ मध्ये आपल्या एका जीन्सच्या आयुष्याचा हिशेब जाहीर केला होता. एकूण ३,७८१ लिटर पाणी, त्यातलं ६८ टक्के कापूस पिकवताना आणि २३ टक्के घरी धुताना. कापसाचं पाणी तर जीन्स आणली तेव्हाच खर्च झालं. आता हातात उरतं ते घरचं पाणी, आणि तीच जीन्स जास्त वर्षं चालवणं.

मोजणारं कपाट इथेच सोडलं. आता खुंटी करायची. शिवलेले टॅग तसेच राहू दिले, त्रास देत नाहीत.

२३ जून

बोहरी आळीतून पितळी खुंट्या आणल्या, ९० रुपयांना एक. फळी जुन्या दिवाणाची, सागवानी, फुकट. चार खुंट्या आणि प्रत्येकीमागे पाच किलोचा लोडसेल (वजन मोजणारा सेन्सर), त्याचं वाचन आकड्यात आणणाऱ्या एचएक्स७११ सर्किटसकट १९० रुपयांना एक. कल्पना अशी की वजनावरून कपडा ओळखायचा, मग टॅगची गरज नाही.

मेच्या शेवटी कोरड्या हवेत घेतलेली वजनं आणि कालची वजनं:

नवऱ्याचा पांढरा सुती शर्ट: तेव्हा २११ ग्रॅम, आता २२४.
त्याचाच निळा सुती शर्ट: तेव्हा २१७, आता २२९.
लेकीचा पॉलिएस्टरचा टी-शर्ट: तेव्हा १४८, आता १४९.

पावसाळ्यातला पांढरा शर्ट उन्हाळ्यातल्या निळ्यापेक्षा जड. सूत हवेतली वाफ धरून ठेवतं. ६५ टक्के आर्द्रतेला सुती कापडात स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी असतं, आणि आर्द्रता वाढली की ते आणखी वाढतं. लोकर याच्या दुपटीच्या आसपास धरते, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. त्यामुळे जूनमध्ये वजनावरून ओळखण्याचा प्रश्नच संपला. आर्द्रतेप्रमाणे दुरुस्ती करणारं गणित लिहायला घेतलं होतं, पण त्यासाठी कपडा कोणत्या धाग्याचा हे आधी माहीत हवं, म्हणजे पुन्हा टॅग आलाच.

पण हे आकडे बघताना वाटलं, लोडसेल चुकीच्या जागी आहे. तो दोरीवर हवा. कपडा वाळला की नाही, हे त्याला कळेल.

७ जुलै

वासाचा सेन्सर. एमक्यू-१३५, १३० रुपये. कपड्याला वास येतोय का हे यंत्रानं सांगावं, असा लेकीचा आग्रह होता. करून पाहिलं. फोडणी दिली, उदबत्ती लावली, फरशी फिनेलनं पुसली की आकडा वर. घामेजलेला शर्ट समोर टांगला की जवळजवळ जैसे थे. आर्द्रता बदलली की सगळंच सरकतं. त्यात या सेन्सरच्या आत छोटा हीटर असतो, तो सतत तापलेला ठेवावा लागतो. वीज वाचवायला निघालेल्या उपकरणात चोवीस तास जळणारा हीटर ठेवायला माझं मन धजेना. काढून टाकला.

वास ओळखायला नाकासारखं साधन नाही आणि ते घरातल्या प्रत्येकाकडे आहे. उपकरणानं करायचं ते इतकंच: कपडा वेगळा, मोकळा, वारा लागेल असा टांगलेला राहावा, आणि तो किती वेळा घातला हे दिसावं.

म्हणून ओळख पटवण्याचा हट्टही सोडला. आता प्रत्येक खुंटीमागे १५ रुपयांचा लिमिट स्विच आहे. कपडा टांगला की स्विच दाबला जातो. कपडा काढला, दोन तासांहून जास्त वेळ बाहेर राहिला आणि परत टांगला गेला, की एक वापर मोजायचा. चोवीस तासांत परत आला नाही तर तो धुवायला गेला असं समजून मोजणी शून्य. बटण दाबायचं नाही, फोन काढायचा नाही. खुंटी क्रमांक दोन म्हणजे लेकीची निळी जीन्स, एवढं तिला पुरतं.

स्विचबद्दल एक सूचना. आखूड पट्टीचा स्विच जीन्सला चालतो, पण ९० ग्रॅमची ओढणी त्याला दाबू शकत नाही. लांब पट्टीचा घ्या आणि खुंटीचा टेकू पट्टीच्या टोकाशी येईल असा बसवा.

२५ जुलै

पहाटेपासून मुसळधार. सिंहगड रोडच्या सोसायट्यांत पाणी शिरल्याच्या बातम्या. आमच्याकडे वीज चार-पाचदा गेली-आली आणि प्रत्येक वेळी सगळ्या खुंट्यांची मोजणी शून्यावर. आकडे आता ईएसपी३२ च्या फ्लॅश मेमरीत लिहायला लावले, वीज गेली तरी तिथलं पुसलं जात नाही. दर मिनिटाला लिहू नका, फ्लॅशच्या लेखनाला मर्यादा असते. आकडा बदलेल तेव्हाच लिहायचं. दिवसाला पाच-सहा नोंदी होतात, त्यानं काही झिजत नाही.

११ ऑगस्ट, चिपळूण

धाकट्या बहिणीकडे वाळणाचा काटा, म्हणजे कपडा वाळला की नाही हे सांगणारा लोडसेल, घेऊन आले आहे. पुण्याच्या पावसात हे तपासण्यात अर्थ नाही. कोकणातल्या घरात ऑगस्टमध्ये चाललं तर कुठेही चालेल.

इथली अडचण अशी. कपडे घरात, पंख्याखाली, दोरीवर. वरून कोरडे लागतात, घडी घालून कपाटात जातात, आणि कमरपट्टा, खिसे, शिवणी आतून ओल्या राहिलेल्या असतात. दोन दिवसांनी कुबट वास. मग तोच कपडा न घालताच पुन्हा धुवायला. बहीण म्हणाली, "पावसाळ्यात निम्मी धुणी मी न घातलेल्या कपड्यांची धुते." हा कुबटपणा धुतल्यानं जातो असंही नाही. जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं की त्या वासाला मोराक्झेला नावाचे जीवाणू मुख्यतः कारणीभूत असतात आणि ते धुऊन वाळल्यावरही कापडात तग धरतात. पुन्हा ओल मिळाली की पुन्हा वास. लवकर आणि पूर्ण वाळवणं, हाच उपाय.

काटा असा आहे: छताच्या हुकाला लोडसेल, खाली हँगरची दांडी, आणि त्यावर धुण्यातला सर्वांत जाड एकच कपडा. तो वाळला म्हणजे बाकीचे वाळलेच. इथे चाचणीला मेहुण्यांची जीन्स, कोरडी ६५० ग्रॅमच्या आसपास, मशीनमधून पिळून निघाली तेव्हा १,०४० ग्रॅम.

आधी कोरड्या वजनाशी तुलना करत होते: ६५० झालं की दिवा लाव. दिवा लागलाच नाही. या हवेत जीन्स ६५० वर येऊच शकत नाही. ६९० च्या खाली ती उतरली नाही. म्हणून वजन बघणं सोडून उतार बघायला लागले. दर दहा मिनिटांची सरासरी काढायची. सुरुवातीला तासाला ५० ग्रॅमच्या वर पाणी उडतं. तासाभरात उतरण दोन ग्रॅमच्या आत आली की या हवेत जेवढं वाळायचं तेवढं वाळलं. मग पांढरा दिवा.

त्यातही दोन गोष्टींनी छळलं. पंख्याच्या वाऱ्यानं दांडी झुलते आणि आकडा नाचतो. एचएक्स७११ सेकंदाला दहा वाचनं देतो, ती सगळी घेऊन वरची-खालची टोकं टाकून सरासरी काढली तेव्हा शांत झाला. आणि दुसरं, लोडसेलवर तासन्‌तास वजन लटकलं की तो स्वतःच एक-दोन ग्रॅम सरकतो. म्हणून दोन ग्रॅमच्या खालचा उंबरठा ठेवू नका, दिवा कधीही आणि कसाही लागेल.

पहिल्याच पूर्ण दिवशी दिवा रात्री सव्वानऊला लागला. संध्याकाळी साडेपाचला बहीण ती जीन्स घडी घालायला काढत होती. हाताला कोरडी लागत होती. मी थांबवलं आणि कमरपट्ट्याचा आतला भाग तिच्या गालाला लावायला सांगितलं. गार लागला. तिनं जीन्स पुन्हा टांगली, आणि लगेच कपाटातली कालची चादर काढून तिच्या कडा गालाला लावून बघू लागली.

काटा इथेच ठेवून जाते.

२४ ऑगस्ट

दिव्यांबद्दल लिहायचं राहिलं होतं. कुणी असं काही करणार असेल तर या नोंदीतलं मला हेच सर्वांत कामाचं वाटतं.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक खुंटीवर तीन दिवे होते. एकदा घातलं, हिरवा. दोनदा, पिवळा. तीनदा, लाल. वाटलं होतं की हिरवा-पिवळा बघून लोक कपडा पुन्हा घालतील. झालं उलटं. जी जीन्स लेक आधी चार-पाचदा घालायची ती लाल दिवा लागताच धुवायला जाऊ लागली. आईंनी तर पिवळ्यालाच उचलली. म्हणाल्या, "दिवा लागलाय म्हणजे मळलंच असणार." फोनवर 'हा कपडा अजून घालता येईल' असे संदेश पाठवून पाहिले, ते सगळ्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद केले. उपकरण लावल्यावर धुणं वाढलं होतं. वॉशिंग मशीनजवळच्या वहीत मी प्रत्येक धुण्याची रेघ मारते, त्यात ते स्पष्ट दिसत होतं.

रंग काढून टाकले. आता प्रत्येक खुंटीवर पाच बारीक पिवळसर-पांढरे दिवे एका रांगेत. एक वापर, एक दिवा. पाचव्यानंतर पहिल्यापासून पुन्हा, थोडे उजळ. मर्यादा कुठेच नाही, इशारा नाही. तो कपडा एका धुण्यात किती वेळा कामी आला, इतकंच ते दिवे सांगतात. धुवायचं कधी, हे ज्याचं त्यानं नाकानं आणि डोळ्यांनी ठरवावं.

लेकीच्या जीन्सचे दिवे आता एकदा पूर्ण भरून पुन्हा सुरू होतात. नवऱ्याची एसी ऑफिसची पँट आठवडाभर चालते. सुती शर्टांचा आकडा हलला नाही, आणि हलावा असं मला वाटतही नाही. पुण्याच्या उकाड्यात बसनं जाणाऱ्या माणसाचा शर्ट रोज धुवायचाच. आतले कपडे, मोजे, आईंच्या रोजच्या सुती साड्या हे सगळं या प्रकल्पाच्या बाहेर. खुंटी आहे ती जीन्स, पँट, कुर्ते, जॅकेट, ओढण्या आणि समारंभाला दोन तास नेसलेल्या साड्यांसाठी. रेशमी साडीला मात्र खुंटी वाईट, एका टोकावर भार येऊन जरीला ताण बसतो. तिच्यासाठी फळीखाली आडवी गोल दांडी बसवली.

फळीच्या खालच्या अंगाला संगणकातला जुना १२ व्होल्टचा पंखा ५ व्होल्टवर फिरतो, म्हणून आवाज नाही. कपडा टांगल्यावर तासभर. आधी आर्द्रतेचा सेन्सर (एसएचटी३१, ३२० रुपये) लावून पंखा त्याप्रमाणे चालवत होते. फरक काही पडेना, म्हणून सेन्सर काढून ठेवला आहे.

१५ सप्टेंबर

दुरुस्तीची खुंटी. चौथी खुंटी बाकीच्यांपासून हातभर दूर, तिच्यावर उसवलेलं, बटण तुटलेलं काय असेल ते टांगायचं. सात दिवस झाले की दिवा लुकलुकेल.

नवऱ्याचा कुर्ता तिथे गणपतीच्या आधी लटकला, बटण खिशात. सात दिवसांनी दिवा लुकलुकू लागला. सगळ्यांनी पाहिला. कुर्ता तिथेच. दहाव्या दिवशी आईंनी एक लहान डबी आणली, त्यात चार सुया, चारही आधीच ओवलेल्या: पांढरा, काळा, निळा, तपकिरी दोरा. डबी खुंटीशेजारी खिळ्याला अडकवली. त्याच संध्याकाळी नवऱ्यानं टीव्ही बघताना बटण लावलं. त्या दिवसापासून लहान दुरुस्ती चौथ्या खुंटीवर दोन दिवसांपेक्षा जास्त टिकलेली नाही. सुई ओवणं हीच अडचण होती. दिव्यानं ती सुटत नव्हती. लुकलुकणं काढून टाकलं. सुया ओवून ठेवायचं काम दर रविवारी लेक करते, आईंना आता बारीक भोक दिसत नाही.

हातानं न होणाऱ्या दुरुस्त्यांसाठी (चेन, रफू, मांडीत विरलेली जीन्स) फळीला कापडी पिशवी अडकवली आहे. भाजीला जाताना ती उचलायची, टेलरचं दुकान वाटेवरच आहे. जीन्सला आतून कापड लावून मशीन मारायचे ६० रुपये घेतले. नव्या जीन्सची किंमत इथे लिहायची गरज नाही.

५ ऑक्टोबर

मेमध्ये शिवलेले टॅग आज कामी आले. नवरात्रातला शनिवार, रंग राखाडी. दरवर्षी या रंगापाशी सगळ्याजणी अडतात आणि आदल्या दिवशी बाजारात धावतात. लेकीनं टॅगची यादी उघडून रंगाप्रमाणे लावली. त्यात आईंची एक राखाडी नारायणपेठ निघाली, मेपासून एकदाही न हललेली. बोहारणीला द्यायच्या गठ्ठ्यात ती जाणार होती. मी आज ती नेसून ऑफिसला गेले. लेकीच्या मैत्रिणींनी आता आपापल्या घरातल्या ओढण्यांची रंगवार यादी केली आहे, टॅगशिवाय, साध्या फोटोंवर, आणि उरलेल्या दिवसांचे रंग एकमेकींत फिरवणार आहेत. त्यांच्या त्या यादीत माझ्या यंत्राचा काही भाग नाही आणि ती माझ्या यंत्रापेक्षा चांगली चालते.

२० ऑक्टोबर

तिसरी आवृत्ती भिंतीवर बसली. आतापर्यंतचा सगळा खर्च ५,००० ची मर्यादा ओलांडून गेला, आणि त्यातलं बरंच बाजूला पडलं. आता वापरात असलेलं सामान: ईएसपी३२ ४२०, पितळी खुंट्या ३६०, लिमिट स्विच ६०, एलईडी आणि रोधक ७०, तारा व स्क्रू १२०. फळी, पंखा आणि जुन्या फोनचा चार्जर घरचे. १,०३० रुपये. चिपळूणचा काटा वेगळा, साधारण ६५०.

वायफाय बंद केलं आहे. त्याची गरज फक्त फोनच्या संदेशांसाठी होती. बॅटरी मुद्दाम घातली नाही. कपड्यांचा कचरा कमी करायला निघालेल्या वस्तूनं तीन वर्षांत मेलेली बॅटरी मागे ठेवावी, हे पटत नाही. काहीही चिकटवलेलं नाही, सगळं स्क्रूनं बसवलंय, आणि ईएसपी३२ जळला तरी खुंटी खुंटी म्हणून चालत राहील.

वहीतल्या रेघांप्रमाणे आठवड्याला सहा धुणी होत होती, आता चार होतात. पाऊस संपल्याचाही त्यात वाटा असेल, म्हणून हा आकडा पुढच्या मेमध्ये पुन्हा बघावा लागेल.

राहिलेली कामं. लोकरीवर वाळणाच्या काट्याचा उंबरठा तपासलेला नाही. लोकर पाणी फार हळू सोडते, दोन ग्रॅमचा नियम तिथे लवकर फसेल असा अंदाज आहे. डिसेंबरमध्ये स्वेटर निघाले की बघते. शेजारच्या काकूंना दोन खुंट्यांची फळी हवी आहे, दिव्यांशिवाय, पण सुयांच्या डबीसकट. ती या आठवड्यात करून द्यायची.